विश्लेषण : जुन्या अ‍ॅल्युमिनियम होडीला आधी रंग कशाला?

अमेरिकेत तळ्यातल्या मासेमारीच्या 12-14 फुटी अ‍ॅल्युमिनियम होड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. ‘ग्रुमन’ या विमान कंपनीने 1945 मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या कनू बनवायला घेतल्या. पत्र्याला रिव्हेट ठोकण्याची तीच पद्धत या होड्यांतही दिसते.

नवशिका होडी घरी आणतो आणि पहिल्यांदा रंगाचा डबा उघडतो. इथेच चुकते. होडी ट्रेलरवर नीट टेकवून आत थोडे पाणी भरावे, खालून थेंब पडेल तिथे खूण करावी. ढिला रिव्हेट नुसता लुकणाने बुजवण्यापेक्षा पुन्हा ठोकलेला बरा. त्याला दोघे लागतात : एक हातोडा मारणारा, दुसरा मागे लोखंडी ठोकळा धरणारा.

खरी मेख मागच्या फळीत. इंजिन तिच्यावरच टांगलेले, आणि आतले प्लायवुड अनेकदा कुजलेले. बदलताना ‘बुरशी लागत नाही’ म्हणून औषध मुरवलेले लाकूड घेण्याचा मोह होतो. त्या औषधात बहुधा तांबे असते आणि ओलाव्यात तांबे अ‍ॅल्युमिनियमला खाते. त्यापेक्षा मरीन प्लायवुड घ्यावे. कडा आणि बोल्टची भोकेसुद्धा इपॉक्सीने बंद करावीत.

बाकांखालचा फोम पाणी पिऊन जड झाला असेल तर बदलावा. सामानाला जागा होते म्हणून काढून टाकणे मात्र शुद्ध वेडेपणा. होडीत पाणी भरले तरी ती तळाशी जात नाही, ती या फोममुळेच.

रंग सगळ्यात शेवटी, अ‍ॅल्युमिनियमचा प्रायमर मारून. तोही तांबे नसलेला.