एंटर दाबल्यावर कोणते बटण दाबले जाते?

उत्तर प्रदेशात ई-डिस्ट्रिक्ट योजना आधी सहा जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात राबवली गेली. गाझियाबाद त्यांपैकी एक. उत्पन्न, जात, रहिवास यांच्या दाखल्यांचे अर्ज तिथे जनसेवा केंद्रांतून ऑनलाइन जातात. आपल्याकडे हेच काम ‘आपले सरकार’ पोर्टल करते. एकामागून एक अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकाला एंटर सोयीचे असते. अंध अर्जदार तर संगणकावर बहुधा कीबोर्डवरच विसंबून असतो. म्हणून एंटर दाबल्यावर नेमके काय होते, हा प्रश्न किरकोळ नाही.

एचटीएमएलचा नियम स्पष्ट आहे. एका ओळीच्या रकान्यात एंटर दाबले, की ब्राउझर त्या फॉर्मच्या कोडमधले पहिले ‘सबमिट’ प्रकारचे बटण दाबतो. पडद्यावर कोणते बटण ठळक वा उजवीकडे दिसते, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. कोडमध्ये ‘रद्द करा’ आधी आणि ‘सादर करा’ नंतर असेल, आणि दोन्ही त्याच प्रकारची असतील, तर एंटरने अर्ज रद्दच होणार. शिवाय बटणाचा प्रकार लिहायचा राहिला, तर ते आपोआप ‘सबमिट’ ठरते. त्यामुळे ‘आणखी सदस्य जोडा’ हे निरुपद्रवी बटणही अर्धवट अर्ज पाठवू शकते.

यावर अनेक प्रोग्रामर एंटरच बंद करून टाकतात. हा उपाय चुकीचा आहे, कारण त्याने कीबोर्डवर काम करणाऱ्यांची वाट अडते. मुख्य बटण कोडमध्ये पहिले ठेवावे, बाकीच्यांना साधे ‘बटन’ म्हणून घोषित करावे. एंटर स्क्रिप्टने हाताळायचेच असेल, तर मराठी टायपिंगचे भान हवे: लिप्यंतराच्या साधनांत सुचवलेला शब्द स्वीकारायलाही अनेकदा एंटरच दाबतात. शब्दाची जुळणी चालू असल्याचे ब्राउझर स्क्रिप्टला कळवतो. ती खूण तपासली नाही, तर नाव पुरे होण्याआधीच अर्ज रवाना होतो.

पैसे भरणे किंवा कायदेशीर घोषणापत्र देणे असेल, तर नुसत्या एंटरवर विसंबू नये. वेब सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी निकषही अशा व्यवहारांत माहिती तपासण्याची, खात्री करण्याची किंवा ती मागे घेण्याची सोय मागतात.

सरकारी खात्यांनी संकेतस्थळ ताब्यात घेण्यापूर्वी माउस बाजूला ठेवून, मराठीत, एक संपूर्ण अर्ज भरून पाहावा. ही चाचणी निविदेतच अट म्हणून घातली पाहिजे.