‘शेर था शेर’ म्हणणं आता बंद करा

माझ्या मामूच्या मुलाचा फोटो दर ईदला कोणीतरी स्टेटसला ठेवतं. खाली शेर, मशाल आणि दुआचे हात. ‘शेर था शेर, दुसऱ्यासाठी जान दिली.’ हे वाचलं की मला संताप येतो. तो शेर होता की नव्हता हा मुद्दाच नाही. तो २२ वर्षांचा होता आणि आज जिवंत असायला हवा होता. ज्याला वाचवायला तो समुद्रात धावला, तो मुलगा वाचला. आज सांगलीत दुकान चालवतो. त्याला माझ्या भावाने वाचवलं नाही. तो पाण्यावर उताणा पडून राहिला म्हणून वाचला.

२०१८ ची ईद १६ जूनला, शनिवारी होती. बासी ईद रविवारी आली, म्हणजे कोणाला रजा मागायचीही गरज नव्हती. सांगलीहून आम्ही चौघे निघालो, कराडला दोघांना घेतलं, साताऱ्याचा एक जण आधीच तिथे येऊन थांबला होता. पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि मग रत्नागिरी जिल्ह्यातला एक किनारा. डिकीत बिर्याणीचं पातेलं होतं. जून महिना, पाऊस सुरू झालेला, मच्छीमारांच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते दोन महिने पाण्यात जात नाहीत आणि आपण घाटावरून सेल्फी काढायला जातो. यात काही चुकतंय असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. मी तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होतो, इंजिनीयर होतो आणि रोज लोकांना ‘एज केस’ समजावून सांगत होतो.

आमच्यातला सर्वात धाकटा पाण्यात उतरला. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, पांढरा फेस उसळत होता आणि मध्ये एक पट्टा शांत होता. पाणी जरा गडद, लाटा जवळजवळ नाहीत. त्याने तीच जागा निवडली. मीही तीच निवडली असती. तुम्हीही निवडाल, म्हणून हे इथे थांबून सांगतो.

लाटा किनाऱ्याकडे पाणी ढकलत राहतात. ते पाणी कुठून तरी परत जायला हवं. किनाऱ्यासमोर पाण्याखाली वाळूचा उंचवटा असतो. त्यात जिथे खिंडार असतं, तिथून ते सगळं पाणी एकवटून नदीसारखं आत समुद्राकडे धावतं. तिथे खोली जास्त असल्यामुळे लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा शांत दिसते. याला इंग्रजीत रिप करंट म्हणतात. किनाऱ्यावरची माणसं नुसतं ‘ओढ आहे’ म्हणतात आणि तो शब्द अगदी नेमका आहे. ही ओढ तुम्हाला खाली खेचत नाही, आत नेते. वेग वाढला की ती सेकंदाला दोन मीटरच्याही पुढे जाते. जगातला सर्वात वेगवान जलतरणपटू पन्नास मीटरच्या शर्यतीत साधारण तेवढाच पळतो, तोही २१ सेकंदांपुरता. आपण तर बिर्याणी खाऊन उतरलेलो असतो.

पण बहुतेक वेळा लाटा फुटतात त्या रेषेच्या पलीकडे गेलं की हा जोर मरतो. काही प्रवाह तर फिरून माणसाला परत उथळ पाण्याकडे आणतात. माणूस ओढीने मरत नाही, ओढीच्या विरुद्ध पोहून दमल्यामुळे मरतो. धाकट्याला पोहता येत नव्हतं. थोडा वेळ हातपाय मारून तो थकला आणि पाठीवर पडून राहिला.

माझा भाऊ मात्र पट्टीचा पोहणारा होता. कृष्णेचं पोर. आयर्विन पुलाच्या बाजूला पोहायला शिकलेला, सांगलीवाडीच्या काठापर्यंत जाऊन परत येणारा. त्याला नदी ठाऊक होती. नदीत प्रवाह एका दिशेला असतो, काठ दोन असतात, आडवं पोहलं की कुठेतरी पाय टेकतो. समुद्रात काठ एकच आणि ओढ त्याच्या नेमकी उलटी. तो सरळ आत गेला, धाकट्यापर्यंत पोहोचायच्या आधीच दमला आणि मग सरळ किनाऱ्याकडे, म्हणजे ओढीच्या तोंडावर, पोहत राहिला. आम्ही ते पाहत होतो. तो पुढे येत नव्हता. हात फिरत होते आणि तो जागच्या जागी होता. मग हातही दिसेनात.

त्याला पाठवणारा मी होतो. “जा, तेरेकू आता ना तैरना!” हे माझे शब्द. मैताच्या वेळी कोणी मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आज सांगतो, कारण ‘शेर था’ म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो.

धाकटा बराच बाजूला, लाटांनी लोटत आणल्यासारखा उथळ पाण्याजवळ आला. दोन मच्छीमारांनी रिकाम्या डिझेलच्या कॅनला दोरी बांधून त्याच्याकडे फेकली आणि ओढून काढलं. दोघांपैकी एकानेही छातीच्या वर पाण्यात पाऊल टाकलं नाही. त्यातल्या एका चाचांनी मला नंतर विचारलं, “तुमच्या गाडीत स्टेपनी नव्हती का? पाण्याची मोठी बाटली तरी?” स्टेपनी होती. पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन होते. रिकामे.

आता आपल्या सवयींवर येतो. मैतीला आलेले लोक दोन गोष्टी म्हणाले. एक, मौत लिखी थी. दुसरी, बुडून मरणाऱ्याला शहीदाचा दर्जा आहे. दुसरी गोष्ट हदीसमध्ये आहे, मी नाकारत नाही, मामींना त्यातून धीर मिळाला तर कोणाचं काय जातं? पण दिलासा एक आणि धडा एक. ज्याचा उंट मोकळा सुटला होता त्याला आधी बांध, मग अल्लाहवर भरोसा ठेव असं सांगितल्याची रिवायत आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. मग सहलीच्या गाडीत वीस मीटर दोरी का नसते? आणि एक जीव वाचवणं म्हणजे सगळी माणुसकी वाचवणं, ही आयत आपण रक्तदानाच्या प्रत्येक बॅनरवर छापतो. त्या हिशोबात उडी मारणाऱ्याचा जीव मोजायचा नाही असं कुठे लिहिलंय?

कोणी म्हणेल, मग समोर माणूस बुडताना बघत बसायचं? नाही. बघत बसणं आणि उडी मारणं यांच्यात बरंच काही आहे आणि आपल्याला ते कोणी शिकवत नाही. ओरडून सांगा: किनाऱ्याकडे येऊ नकोस, पाठीवर पड, हात वर कर. जोर कमी झाला की किनाऱ्याला समांतर पोह, मग बाहेर ये. तरंगेल असं काहीही फेका: कॅन, ट्यूब, झाकण लावलेला कूलर बॉक्स. एकाने ११२ लावावा, दुसऱ्याने तटरक्षक दलाचा १५५४. एकाने बुडणाऱ्यावरची नजर हटवू नये, कारण लाटांत डोकं एकदा हरवलं की सापडत नाही. हे सगळं करायला छाती फुगवावी लागत नाही, म्हणून त्याचे रील बनत नाहीत.

दुसरा आक्षेप मला जास्त खटकतो: ‘पावसाळ्यात जाऊ नका, एवढंच सांगा की.’ ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. ती आता जूनमधून निघून मार्चमध्ये आली आहे आणि लोकांना वाटतं धोका टळला. १ फेब्रुवारी २०१६ आठवा. पुण्याच्या आबेदा इनामदार कॉलेजची सहल मुरुडला गेली होती. भर हिवाळा, आभाळ स्वच्छ. १४ विद्यार्थी बुडाले, त्यात बहुसंख्य मुली. पुण्याच्या कॅम्पपासून सातारा-सांगलीच्या मोहल्ल्यांपर्यंत तेव्हा घराघरात तेच बोलणं होतं. त्यातून आपण काय शिकलो? कित्येक घरांनी मुलींना सहलीला पाठवणं बंद केलं. पोहायला शिकवलं नाही, पाणी वाचायला शिकवलं नाही, घरात बसवलं. मुलगे मात्र पुढच्या बासी ईदला गेलेच. मुलींना पोहण्याच्या तलावावर नेण्याचा विषय काढला की आजही बैठकीत पडदा, कपडे, वेळ यांवर तासभर चर्चा होते आणि चहा पिऊन लोक उठतात. महिलांची वेगळी वेळ, महिला प्रशिक्षक मागून घ्या, पण मागा तरी.

पोहणं आलं म्हणजे झालं, असंही मी म्हणत नाही. माझा भाऊ पोहणाराच होता. ऑस्ट्रेलियात लहानपणापासून पोहणं शिकवतात. तरी तिथे या प्रवाहांनी शार्क, पूर आणि चक्रीवादळं यांच्या एकत्रित बळींपेक्षा जास्त माणसं जातात, असं तिथल्या संशोधकांनी दाखवलं आहे. म्हणूनच तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहा हे पोरांना पाठ असतं. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची व्यवस्था आहे, झेंडे आहेत. आपल्या कोकणात बऱ्याच ठिकाणी एक गंजलेला बोर्ड आहे, त्यावर कोणाची तरी नावं खरडलेली. सरकारकडे जीवरक्षक मागायलाच हवेत. पण ते येईपर्यंत आपली गाडी तर आपणच भरतो ना?

आपल्या भागाला हे पाण्याबद्दल कळायला समुद्राचीही गरज नव्हती. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली, डझनाहून जास्त माणसं गेली, बायका-मुलं. माणसं वाचवायलाच ती बोट निघाली होती. कमी होतं ते साधन. त्या पुरात आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी रात्रंदिवस काम केलं, खिचडी वाटली, म्हाताऱ्यांना पाठीवर आणलं. कमरेला दोरी एकाच्याही नव्हती. नशिबाने सगळे परतले, त्यांचा सत्कारही झाला.

गेल्या रमजानमध्ये मी आमच्या मशिदीच्या एका ट्रस्टींकडे गेलो. म्हटलं, शेवटच्या जुम्म्याला दोन मिनिटं द्या, समुद्रावर जाणाऱ्या पोरांना एवढं सांगतो. ते म्हणाले, “बेटा, ईद के दिन मौत की बात मत निकाल.” मग मी मशिदीबाहेर चपलांच्या रॅकपाशी उभा राहिलो. सोबत धाकटा होता. येणाऱ्या प्रत्येक टोळक्याला तो एकच विचारत होता: गाडीत दोरी आहे का? एकवीस जणांनी थांबून ऐकलं. चार गाड्यांसाठी आम्ही दोरी आणि बंद झाकणाचे कॅन दिले. त्यातली एक गाडी माझ्या मामूंच्या घरची होती. धाकटा मामेभाऊ आता १९ वर्षांचा आहे, त्यालाही कोकणात जायचं होतं. मामींनी दोरीची गाठ स्वतः दोनदा ओढून पाहिली.