गोकर्णाच्या फुलांचा चहा व शेतकऱ्याचा हिशेब

अलीकडे शहरांतील मोठ्या दुकानांतून ‘निळा चहा’ या नावाचा एक पदार्थ बरण्यांत भरून विकावयास ठेवलेला दिसतो. हा पदार्थ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपल्या कुंपणावर चढणाऱ्या गोकर्णाच्या वेलीची सुकविलेली फुले होत. उकळत्या पाण्यात ती टाकली असता पाणी गडद निळे होते, आणि त्यात लिंबू पिळले की पाहता पाहता जांभळे व रस अधिक पडल्यास गुलाबी होते. या रंगाच्या मौजेने गिऱ्हाईक भुलते. आणि त्यात भर म्हणून मधुमेह, स्थूलता, विस्मरण, केस गळणे अशा नाना तक्रारींवर हाच एक उपाय असल्याचे त्यास सांगण्यात येते. हे वारे आता शेतापर्यंत येऊन पोचले असून, सबंध शेत गोकर्णाखाली घालावे काय, असा प्रश्न कित्येक शेतकरी बंधूंच्या मनात उभा राहिला आहे. या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा, एवढ्यासाठीच हा लेख आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो : गोकर्ण शेतात अवश्य असावा, परंतु तो फुलांच्या भरवशावर नव्हे, तर पाला व मुळे यांच्या भरवशावर असावा.

प्रथम या पेयाचे मूळ पाहू. यास चहा म्हणतात खरे, पण चहाच्या झाडाशी त्याचे काहीएक नाते नाही; त्यात चहाचे पान नाही व कॅफीनही नाही. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली या वेलीचे जे शास्त्रीय नाव रूढ केले, त्यातील ‘टर्नाटिया’ हा शब्द मोलुक्कास द्वीपसमूहातील टर्नाटे बेटावरून आलेला आहे. वेलीच्या मूलस्थानाविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी ते आशियात मानतात, तर कोणी आफ्रिकेत. आपल्याकडे मात्र ती इतकी मुरलेली आहे की, गाईच्या कानासारख्या फुलावरून तिला गोकर्ण हे नाव पडले, देवपूजेत तिला स्थान मिळाले, आणि वैद्यकात ती अपराजिता म्हणून प्रसिद्धी पावली. परंतु आपल्या वैद्यांचा भर मुख्यतः मूळ व बी यांवर असे, आणि ही दोन्ही रेचक आहेत. फुले उकळून पिण्याचा प्रघात आपला नव्हे. तो आग्नेय आशियातला. थायलंडात ‘नाम डोक अंचन’ या नावाने हे पेय मध व लिंबाचा रस घालून, बहुधा थंड करून, पितात. मलेशियातील केलांतान प्रांतात ‘नासी केराबू’ नावाचा भात याच फुलांनी निळा रंगवितात. म्हणजे त्या देशांत हे फूल अन्नास रंग आणणारे व पाहुण्याचे आदरातिथ्य करणारे म्हणून घरोघर रुळले आहे. सर्वरोगहारक औषध म्हणून त्याचा जो डंका आज पिटला जातो, तो व्यापाराचा आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

आता गुणांकडे वळू. फुलाचा निळा रंग ‘टर्नाटिन’ या द्रव्यांमुळे येतो. जांभूळ, काळी द्राक्षे व वांग्याची साल यांस रंग देणाऱ्या अँथोसायनिन वर्गातीलच ही द्रव्ये होत. मात्र त्यांची घडण अशी आहे की, फुलाचा निळा रंग इतर अनेक फुलाफळांच्या रंगांहून अधिक टिकतो. आम्लाने तो जांभळा होतो, तर सोड्यासारख्या क्षाराने हिरवट होतो. यात जादू नाही, रसायन आहे. या वर्गातील द्रव्ये शरीरास हितकर असावीत, असे मानण्यास आधार आहे. थायलंडातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १५ निरोगी पुरुषांस साखरेच्या पाण्याबरोबर या फुलांचा अर्क दिला, तेव्हा नुसते साखरेचे पाणी घेतल्यावर रक्तातील साखर जितकी चढे, त्याहून ती आरंभी कमी चढली. ही गोष्ट आशादायक खरी. परंतु माणसे १५, तीही निरोगी, आणि परीक्षा एकेका वेळच्या पेयाची. एवढ्यावरून मधुमेह बरा होतो असे म्हणणे, म्हणजे एका सरीवरून साऱ्या पावसाळ्याचे अनुमान बांधणे होय. स्मरणशक्तीचे जे प्रयोग पुढे केले जातात, त्यांपैकी पुष्कळ उंदरांवर व तेही मुळांच्या अर्काने झालेले आहेत; त्यांचे श्रेय फुलांच्या पेल्यास देणे न्याय्य नव्हे.

मग या पेयात हित काहीच नाही काय? आहे. दिवसातून चार-पाच वेळा गोड चहा घेणाऱ्याने त्यांतील दोन वेळा बिनसाखरेचे हे पेय घेतले, तर साखर व कॅफीन ही दोन्ही तितकी कमी झाली, हाच मोठा लाभ. मात्र मधुमेहाच्या रोग्याने याच्या विश्वासावर चालू औषध सोडू नये, आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून ते घेऊ नये.

परदेशी बाजाराची आशा दाखविणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी सांगावयास हव्यात. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने २०२१ साली या फुलांच्या जलीय अर्कास ठराविक खाद्यपेयांत रंग म्हणून परवानगी दिली व २०२५ साली तिची व्याप्ती वाढविली. ही परवानगी रंगास आहे, औषधी गुणांस नव्हे. उलट युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ साली सुक्या फुलांच्या पेयास बाजारात येऊ देण्याविषयी सुरक्षिततेच्या दृष्टीने हरकती नोंदविल्या. या वेलीत ‘सायक्लोटाइड’ नावाची प्रथिनजातीय द्रव्ये असतात व त्यांचा माणसावरील परिणाम पुरेसा तपासलेला नाही, हा त्या हरकतींचा मुख्य रोख होता. यावरून फूल विषारी ठरते असे नव्हे; पण एका मोठ्या बाजाराचे दार आपल्यासाठी उघडेच आहे, असे समजून कोणी कर्ज काढू नये.

आता हिशेब. ताज्या फुलात शेकडा ९० हून अधिक पाणी असते. म्हणजे एक किलो सुक्या फुलांसाठी दहा किलोहून अधिक ताजी फुले लागणार. फूल एका दिवसाचे सोबती. ते रोज सकाळी हातानेच खुडावे लागते, व सावलीत किंवा मंद उष्णतेवर वाळवावे लागते. उन्हात टाकले की रंग उडतो, ओल राहिली की बुरशी येते. आणि रंग गेलेल्या फुलास कोणी विचारीत नाही. मोठ्या क्षेत्रावर हे काम मजुरीने करविले, तर बरणीवरील किमतीतून शेतकऱ्याच्या पदरात काय उरेल, याचा विचार ज्याने त्याने कागद-पेन्सिल घेऊन करावा. या शतकाच्या आरंभी सफेद मुसळी व कोरफड यांच्या लागवडीचे असेच वारे वाहिले होते. पीक आम्ही विकत घेऊ, अशा आश्वासनावर महाग बेणे घेतलेल्या कित्येकांच्या घरी माल पडून राहिला आणि नफा बेणे विकणाऱ्याचा झाला. गोकर्णाचे बी तर गावोगाव कुंपणावर फुकट लोंबते आहे. ते जो अवाच्या सवा भावाने विकू पाहील, त्याच्यापासून दूरच राहिलेले बरे.

याच वेलीकडे ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, ते जाणणे आपणांस अधिक उपयोगी आहे. क्वीन्सलँड प्रांतातील भारी, काळ्या, चिकण जमिनी आपल्या काळ्या रानांसारख्याच उन्हाळ्यात भेगाळतात. तेथे गोकर्णाचा ‘मिलगारा’ नावाचा वाण १९९१ साली प्रसृत करण्यात आला, तो फुलांसाठी नव्हे, तर चाऱ्यासाठी व जमिनीच्या सुधारणेसाठी. हे पीक कडधान्यांच्या कुळातील आहे. त्याच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठते, आणि पुढे त्याच शेतात घेतलेल्या ज्वारीस वा गव्हास त्याचा लाभ मिळतो. पाला कोवळा असून गुरे तो आवडीने खातात, आणि वेल अवर्षणात चिवटपणे तग धरते. ज्या सायक्लोटाइड द्रव्यांमुळे युरोपात शंका निघाली, त्यांच्यातच कीटकनाशक गुण आढळल्यावरून ऑस्ट्रेलियात या वेलीच्या अर्काचे कपाशीवर फवारावयाचे औषधही बाजारात आले. कपाशी पिकविणाऱ्या आपल्या मुलखाने या गोष्टीकडे दुर्लक्ष करू नये. आपल्या कृषी विद्यापीठांनी या दिशेने प्रयोग हाती घ्यावेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

यास्तव आमचा सल्ला असा. गोकर्णासाठी वेगळे शेत राखू नये. बांध, कुंपण व पडीक तुकडा यांवर तो लावावा. बियांची साल कठीण असल्यामुळे बी रात्रभर पाण्यात भिजवावे आणि मृगाच्या पावसावर टोकावे. पाणी साचून राहणारी जागा टाळावी. वेल जमिनीसरशी कापू नये व गुरांकडून पार ओरबाडू देऊ नये, म्हणजे ती पुन्हा फुटते. शेंगा वाळताच तडकून बी उडते, म्हणून बियांपुरत्या शेंगा वेळीच काढाव्यात. फुले घरच्या माणसांनी खुडावीत, आधी घरी पिऊन पाहावीत. उरतील ती आपल्या सहकारी संस्थेमार्फत एकत्र करून स्वच्छ पुड्यांतून विकावीत. त्या पुडीवर ‘गोकर्णाची सुकी फुले’ एवढेच लिहावे, रोगांची यादी लिहू नये. खोट्या गुणवर्णनाने एक वर्ष माल खपेल. पण फसलेले गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी खऱ्या मालावरही विश्वास ठेवणार नाही, आणि त्याचा फटका दुकानदाराआधी पिकविणाऱ्यास बसेल.

निळ्या पाण्याचा पेला देखणा आहे, आणि तो पिण्यास आमची ना नाही. परंतु ज्या वेलीच्या मुळाशी जमिनीचे खत, पाल्यात गुरांची वैरण व अंगी कीड आवरण्याची शक्ती आहे, तिची किंमत केवळ फुलाच्या रंगावरून ठरविणे शेतकऱ्यास शोभत नाही. फुलाचे उत्पन्न हाती आले तर ते वरकड समजावे. मुख्य पीक जमिनीचा कस होय.