आधी वय सांगा

कोपरखैरण्यात माझं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. बाळ जन्मायच्या आधी खरेदीला येणाऱ्या बायका पिवळी, पांढरी, पोपटी झबली-टोपडी नेतात, कारण मुलगा की मुलगी हे कुणालाच ठाऊक नसतं. बाळंतपण झालं की मागणी बदलते. बारशाच्या आहेराला आलेलं माणूस बाळ किती महिन्यांचं हे सांगण्याआधी म्हणतं, "मुलगी झालीय, गुलाबीच दाखवा." मुलगा असला तर आकाशी.

पिवळ्या झबल्याचे हे महिने आपल्याला कायद्याने दिलेत. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, 1994मध्ये केंद्राचाही झाला. हेतू मुलींचा जीव वाचवण्याचा होता. अमेरिकेत तशी बंदी नव्हती. पोशाखाच्या इतिहासाच्या अभ्यासक जो पाओलेटी यांनी मांडलंय, की 1980च्या दशकात तिथे जन्माआधीच लिंग कळू लागलं आणि गुलाबी-निळ्याची बाजारपेठ फोफावली. त्याच अमेरिकेत जून 1918मध्ये कपडे व्यापाऱ्यांच्या एका मासिकाने मुलग्यांना गुलाबी आणि मुलींना निळा असा सल्ला दिला होता! म्हणजे हा नियम काही फार जुना नाही, आणि आपला तर नाहीच नाही.

आपल्याकडे तान्ह्या बाळाचं दुपटं आजीच्या जुन्या मऊ लुगड्याचं असायचं. लुगड्याचा रंग तोच बाळाचा रंग. बोरन्हाणाला आजही मुलगा असो वा मुलगी, काळं झबलं आणि अंगावर हलव्याचे दागिने. विसर्जनाच्या मिरवणुकीत, निवडणुकीच्या विजयात पुरुष नखशिखांत गुलाबी होतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत तर अख्खा डोंगर गुलालात न्हातो. लग्नात नवऱ्याकडची मंडळी गुलाबी फेटे मिरवतात. तिथे कुणाचं पौरुष कमी होत नाही, मग दोन वर्षांच्या पोराच्या रेनकोटाने कसं होईल? गेल्या पावसाळ्यात एका मुलाने माझ्या दुकानात गुलाबी रेनकोट छातीशी धरला होता. वडिलांनी तो हिसकावून घेतला, "हा मुलींचा" म्हणाले. पोर रडत निळा घालून गेलं. मला ते फार लागलं.

कोपरखैरण्याजवळच्या खाडीवर येणाऱ्या फ्लेमिंगोंमध्ये नर-मादी दोघंही गुलाबी असतात, तो रंग त्यांच्या खाण्यातून येतो. पण फ्लेमिंगोचं चित्र असलेला माल माझ्याकडे येतो तो फ्रॉकवरच. मुलग्यांच्या शर्टांवर गाड्या आणि डायनासोर.

धंद्याच्या बाजूने सांगते, रंगांची ही वाटणी दुकानदाराच्या फायद्याची आहे. थोरल्या बहिणीचा गुलाबी स्वेटर धाकट्या भावाला घालायचा नाही असं एकदा ठरलं, की घरात दुसरा स्वेटर येतो. पैसे आईबापांचे जातात, आणि मुलाला कळायच्या आतच त्याची निम्मी आवड छाटली जाते. म्हणून मी दुकानातली मांडणी बदलली आहे. आता फळ्या वयाप्रमाणे आहेत, मुलगा-मुलगी अशा नाहीत. माझ्या व्यवसायबंधूंनीही हे करून पाहावं.

आणि तुम्ही आहेर घ्यायला जाल, तेव्हा दुकानदाराने "मुलगा की मुलगी?" विचारलं, तर बाळाचे महिने सांगा आणि सगळे रंग काढायला लावा.