जाड तार का बोलेना?

काशीला ब्रह्माघाटावरच्या आमच्या बिऱ्हाडात भाचा पाच तारांची बेस गिटार घेऊन आला, तो हिरमुसलेलाच. "मामा, सगळ्यात जाड तारच बोलत नाही!" ही तार सेकंदाला जेमतेम ३१ वेळा कंप पावते, घरातल्या छोट्या स्पीकरला तो स्वर पेलत नाही. म्हणून आधी हेडफोन लावून ऐकलं. तरी दबलेलीच. तार तर नवी होती. मग तारेचा कंप टिपणारा चुंबकी पिकअप पाहिला, तो जाड तारेच्या बाजूला खाली बसलेला. तार शेवटच्या पट्टीवर दाबून धरायची, स्क्रू अर्धा फेरा फिरवून पिकअप वर घ्यायचा, पुन्हा ऐकायचं. फार जवळ नेला तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डळमळतो, म्हणून घाई नको. तिसऱ्या खेपेला खर्ज असा घुमला की मांडीला जाणवला! माझ्या मिरजेच्या तानपुऱ्याचा खर्जही असाच मुका होतो. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की जवारी, म्हणजे तारेची गुंजन, खुलते. कान मात्र दोन्हीकडे तोच लागतो. तेव्हा मुलांनो, वाद्य बदलायला निघण्याआधी एकदा स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्या.