गाववाला

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो.

मागच्या सेमिस्टरला एका रविवारी सकाळीच वॉचमनकाकांनी मला खाली बोलावलं. गेटबाहेर एक जण उभा होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पायात सेफ्टी शूज, डोळे लालभडक, हातात कापडी पिशवी. नाईट करून थेट आला होता. पिशवीत मायनं गावाकडून पाठवलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तेवढ्यात आमच्या विंगमधली पोरं चहाला निघाली. एकानं सहज विचारलं, "कोण रे हा?" आणि मी म्हणालो, "गाववाला आहे."

तो माझा सख्खा मोठा भाऊ. त्यानं ऐकलं. "चल, निघतो मी, अभ्यास कर," एवढंच बोलला आणि शेअर रिक्षाकडे गेला. माझी फी तोच भरतो. आता लिहायला बसलोय तर तेही लिहून टाकतो.

आमचं गाव चौसाळा. बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं. पूर्वी विधानसभेचा मतदारसंघ चौसाळ्याच्या नावानं होता, २००९ च्या निवडणुकीपासून तोही गेला. तेवढीच काय ती आमची प्रसिद्धी! भोवती बालाघाटचे डोंगर. पाऊस पडला तर सोयाबीन-कापूस, नाही पडला तर टँकर. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि पुढचे पाच-सहा महिने ती फेडायची. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात दादा बारावी झाला. "काय वाट्टेल ते करीन, पण कोयता धरणार नाही," असं त्यानं अण्णांना तोंडावर सांगितलं. आयटीआय केलं, फिटर झाला आणि २०१८ ला भोसरीला आला.

भोसरी म्हणजे आपल्या होस्टेलपासून अर्ध्या तासावर. आपण तिकडे कशाला जातो? इंडस्ट्रियल व्हिजिटला, तेही एसी बसमधून. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज, आणि त्यांना पार्ट पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप्स. १९८२ ला महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ मध्ये सतरा लाखांच्या पुढे गेली. एवढी माणसं काही इथे जन्मली नाहीत. त्यातली कितीतरी आमच्या बीड-लातूर-धाराशिवच्या एसटीतून उतरली.

दादाची खोली मी पहिल्या वर्षी पाहिली. दहा बाय बारा, वर पत्रा, आत सहा जण. खरं तर आठ जण, कारण दोन कॉटवर दिवसा एक झोपतो आणि रात्री दुसरा. गादी थंड व्हायला वेळच मिळत नाही, असं ते हसून सांगतात. भाडेकरार नाही, त्यामुळे इथला पत्ता नाही, त्यामुळे मतदान गावाकडे, रेशन गावाकडे. नऊ-दहा वर्षं भोसरीत राहिलेलाही कागदावर चौसाळ्याचाच. आपल्याला होस्टेलच्या पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार करायला रेक्टर सर तरी आहेत!

नोकरीचंही तसंच. दादा काम करतो एका कंपनीत, पण त्याचा पगार देतो कंत्राटदार. वर्षात २४० दिवस भरले तर कायम करा म्हणून कामगार दावा सांगू शकतो, म्हणून सहा-सात महिने झाले की 'ब्रेक'. मग दुसरा कंत्राटदार, दुसरा गेट पास, कधी कधी तेच मशीन. मध्ये 'नीम' नावाची ट्रेनी योजना होती. २०१३ मध्ये आपल्याच एआयसीटीईनं आणलेली, आता बंद झालेली. दादाच्या खोलीतले दोघे त्यात होते. शिकाऊ म्हणून स्टायपेंड, आणि काम मात्र पूर्ण शिफ्टचं. कोयता चुकवायला आलेल्या पोराला इथेही मुकादम भेटलाच, फक्त तो मोटारसायकलऐवजी कारमधून येतो.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. ही दादानं मला मागच्या उन्हाळ्यात गावाकडे ओट्यावर बसून सांगितली.

पॉवर प्रेसला टू-हँड कंट्रोल असतो, हे आपण शिकलोय. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय रॅम खाली येत नाही, म्हणजे हात आपोआप डायच्या बाहेर. एक बटण कायमचं दाबून ठेवता येऊ नये अशीही सोय चांगल्या मशीनला असते. दादाच्या शॉपमधला प्रेस जुना, त्याला ती नव्हती. महिनाअखेर, काउंट येत नव्हता. दादाला सांगण्यात आलं, एक बटण वायर जोडून चालू ठेव. दादानं ठेवलं. ब्रेक पंधरा दिवसांवर आलेला, नाही कोण म्हणणार? तिसऱ्या दिवशी त्याच्याच खोलीतल्या परभणीच्या पोराची तर्जनी दोन पेरं गेली. त्याचं ईएसआयचं कार्ड अपघातानंतर निघालं.

मी विचारलं, सांगितलं कुणी? दादा म्हणाला, "लाइन इंजिनिअरनं. चांगलं पोरगं होतं रे. तुझ्याएवढंच." वर्ष-दोन वर्षांत त्या जागी मी असेन. तुमच्यापैकी बरेच जण असतील. सेफ्टीच्या पेपरला आपण 'गार्डिंगचे प्रकार' सहा मार्कांना लिहितो. पण काउंट येत नसताना काय करायचं, ते कुठल्याच युनिटमध्ये नाही.

मध्यंतरी एंगेल्सबद्दल वाचत होतो. हा जर्मन कारखानदाराचा पोरगा १८४२ साली वडिलांची भागीदारी असलेल्या सूतगिरणीत काम शिकायला मँचेस्टरला आला. आपल्या भाषेत इन-प्लांट ट्रेनिंगच. १८४५ मध्ये त्यानं इंग्लंडच्या कामगारांवर पुस्तक काढलं. त्यात आयर्लंडहून आलेल्या मजुरांवर वेगळं प्रकरण आहे. गंमत म्हणजे कामगारांचा हा कैवारीसुद्धा आयरिश माणसाबद्दल काय लिहितो? घाणेरडा राहतो, दारू पितो, कमी पैशात राबून इंग्रज कामगाराची मजुरी पाडतो. तोच एंगेल्स मेरी बर्न्स या आयरिश कुटुंबातल्या कामगार मुलीसोबत राहत होता! त्याच १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला, दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. लिव्हरपूल, ग्लासगोला उतरलेल्या त्या विशीतल्या पोरांना नोकरीच्या जाहिरातीत वाचायला मिळायचं, की आयरिश माणसानं अर्ज करू नये. आणि आपल्याकडे? खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न, "गाव कोणतं?" बीड म्हटलं की दुसरा प्रश्नच येत नाही. त्या प्रकरणातली वाक्यं आपल्या मेसमध्येही ऐकू येतात: "हे लोक असेच राहतात." दीडशेहून जास्त वर्षांत फक्त गावाचं नाव बदललं.

काही जण म्हणतील, गिरणगावातही हेच होतं. होतं, पण सगळं नाही. तिथे कोकण-घाटावरून आलेल्या माणसाला गावकीची खोली होती, खानावळ होती, आणि मुख्य म्हणजे युनियन होती. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगार एकत्र बाहेर पडले. ते हरले हे खरं. पण दादाची अडचण अशी, की त्याच्या खोलीतल्या आठ जणांचे कंत्राटदार पाच. एकत्र कुणाविरुद्ध व्हायचं?

मला कायदा कळत नाही आणि मी काही पुढारी नाही. माझं म्हणणं आपल्यापुरतंच आहे. इन-प्लांट ट्रेनिंगचा रिपोर्ट आपण सीनियरच्या फाइलवरून उतरवतो, हे सरांनाही माहीत आहे (सर, माफ करा). त्या रिपोर्टमध्ये एक प्रकरण उतरवता न येणारं असू द्या: ज्या मशीनवर उभे होता त्यावरच्या ऑपरेटरचं गाव, कंत्राटदार, शिफ्ट, आणि मशीनचा कुठला गार्ड बंद होता. व्हायवाला त्यावरच प्रश्न विचारा. आणि रेक्टर सरांना एक विनंती, रविवारी भेटायला येणाऱ्या भावाला गेटवर उभं ठेवण्याऐवजी कॉमन रूममध्ये बसू द्या. आई-वडिलांना बसू देतो, तसंच. नाईटवरून आलेला माणूस दहा मिनिटं पाठ टेकेल.

दादाला मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. आमच्याकडे भावाला सॉरी म्हणायची पद्धत नाही, कसं म्हणायचं तेच कळत नाही. येत्या रविवारी मात्र तो यायचाय, फर्स्ट शिफ्ट लागलीय त्याला. बी विंग, दुसरा मजला. माझ्या भावाला भेटायचं असेल त्यांनी साडेनऊपर्यंत या. मायनं चटणी जास्तच पाठवलीय.