बास गिटारची जागा घेऊ न शकलेले यंत्र

१/ चाकण-भोसरीच्या पट्ट्यात वेल्डिंगच्या लाइनवर नवा रोबोट आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा किती माणसांचे काम करणार? १९८१ साली जपानच्या रोलँड कंपनीने तोच प्रश्न बास गिटारवादकाबाबत विचारला. तादाओ किकुमोतो या अभियंत्याने घडवलेली टीबी-३०३ ही छोटी चंदेरी पेटी एकट्या गिटारवादकाला बासची साथ देणार होती.

२/ हेतू साफ फसला. बासचा अभिजात स्वर म्हणजे प्रामुख्याने १९५१ साली आलेल्या फेंडर प्रिसिजनचा. जाड तार, तिच्यावर गुंडाळलेली सपाट धातूची पट्टी, घोडीजवळ दाबलेला स्पंजचा तुकडा आणि बोटाच्या मांसल भागाचा आघात. असा स्वर उमटतो, घुमतो आणि झटकन विझतो. ३०३ चा आवाज मात्र चिरका, चिकट. शिवाय तिच्यात स्वर भरणे म्हणजे डोकेदुखीच. १९८४ पर्यंत तिचे उत्पादन बंद पडले.

३/ त्याआधीच मुंबईत एका माणसाने तिची निवड केली होती, आणि तो स्वतःच बासवादक होता. चरणजित सिंग यांनी शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत गिटार व बास वाजवली होती. १९८२ साली एचएमव्हीने त्यांची दहा रागांची डिस्को ध्वनिमुद्रिका काढली: ३०३, जोडीला टीआर-८०८ चा ठेका आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. तीत बासची ओळही रागाच्याच स्वरांत फिरते. खऱ्या बासचा स्वर ज्याच्या बोटांत होता, त्याने या पेटीकडे बासची नक्कल मागितलीच नाही, असे मानायला जागा आहे. तिला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. पडद्यांच्या गिटारवर हे इतके सहज नसते.

४/ ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि सिंग यांना ‘ॲसिड हाउसचे जनक’ ठरवण्याची चढाओढ लागली, कारण शिकागोच्या फ्यूचर या गटाचे ३०३ वरचे ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ चे! ही पदवी नाकारलेलीच बरी. मुंबईची ध्वनिमुद्रिका शिकागोत कोणी ऐकली होती, याचा पुरावा नाही. आधी घडले म्हणून त्यातूनच पुढचे घडले, हा तर्क इतिहासात चालत नाही. सिंग यांचा संदर्भ घरचाच आहे: १९८० च्या ‘कुर्बानी’नंतर देशभर पसरलेली डिस्कोची लाट. शिकागोच्या मोजपट्टीने मोठे ठरवल्यास त्यांचे स्वतःचे कर्तृत्व उलट झाकले जाते.

५/ जुन्या हिंदी गाण्यांतला बास हवा असलेल्या तरुणाने कोणते वाद्य घ्यावे? प्रिसिजन धाटणीची कोणतीही साधी गिटार, सपाट गुंडाळीच्या तारा, स्पंज, आणि टोनची कळ खाली. महागड्या जुन्या गिटारसाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

६/ खरी उणीव वेगळीच आहे. या स्वराच्या चर्चेत फेंडरचे नाव सर्वांच्या तोंडी असते, वादकाचे क्वचितच. चित्रपटांच्या तबकड्यांवर संगीतकार व गायक छापले गेले. बास कोणी वाजवली हे सहसा नाही. चरणजित सिंग २०१५ साली गेले. त्यांच्या पिढीतले जे वादक हयात आहेत, त्यांच्या मुलाखती आणि कोणत्या गाण्यात कोण वाजवत होते याच्या याद्या आताच नोंदवायला हव्यात.